आरोप आणि रूपक

१४ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी नागपुरात एकच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येत होते. प्रा. जी. एन. साईबाबा आणि त्यांच्या सहआरोपींना मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या दिवशी सोडून दिले होते, आणि लोक म्हणत होते, ‘‘तांत्रिक मुद्द्यावर सुटले.’’ म्हणणाऱ्यांत निकालाने सुखावलेले होते, तसे चिडलेलेही होते. दोघांच्या स्वरात फरक होता, गृहीतक मात्र एकच होते. खरे प्रकरण आत कुठेतरी असते आणि कायद्याची प्रक्रिया हे त्याचे वरचे टरफल असते, असे ते गृहीतक. टरफल फुटले म्हणून माणूस सुटला, एवढाच त्या वाक्याचा अर्थ.

मी वकील नाही. निकालपत्रे वाचण्याची सवय मला कविता आणि कथा वाचता वाचता लागली. शब्दकोश शेजारी ठेवून, पेन्सिलीने खुणा करत. त्यामुळे ‘तांत्रिक’ हा शब्द मला कायद्यापेक्षा समीक्षेच्या अंगाने खटकला. कवितेतले वृत्त हे तंत्र की आशय, हा वाद आपण शंभर वर्षे घातला. आरोपीच्या हक्कांबाबत मात्र तो वाद आपण घातलाच नाही. तो घालावा म्हणून मी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ पुन्हा पाहिला आणि त्याच्या शेजारी या शहरातून गेलेली काही निकालपत्रे ठेवून वाचली. हा लेख त्या वाचनाचा आहे.

१

‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात ओरिझोंती विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांतले सुवर्णकमळ मिळाले, एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला आणि त्या वर्षी ऑस्करसाठी भारताकडून पाठवला गेला. त्यातला आरोपी नारायण कांबळे हा लोकशाहीर. ही भूमिका करणारे वीरा साथीदार नागपूरचे. ते व्यावसायिक नट नव्हते; चळवळीतले कार्यकर्ते होते आणि ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे त्यांनी संपादन केले होते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने त्यांचे नागपुरातच निधन झाले.

कथा वाचकांना आठवत असेल. मुंबईच्या गटारात वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगाराचा मृतदेह सापडतो. पोलिसांचे म्हणणे असे की, दोन दिवस आधी त्याच्या वस्तीत कांबळेने एक गाणे म्हटले, त्यात गटारात उतरणाऱ्यांनी आतल्या वायूने गुदमरून मरावे असे शब्द होते, आणि ते ऐकून पवारने आत्महत्या केली. म्हणून कांबळेवर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप, भारतीय दंड संहितेचे तेव्हाचे कलम ३०६.

या चित्रपटावर मराठीत भरपूर लिहिले गेले. बहुतेकांनी त्याकडे न्यायव्यवस्थेच्या संथपणाचे चित्र म्हणून पाहिले: तारखा, फाइली, पंख्याखाली पेंगणारी माणसे. ते सगळे त्यात आहेच. पण खटल्याचा गाभा कुठे आहे, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. हा खटला एका गाण्याच्या अर्थावर उभा आहे, म्हणजे तो आपल्या, साहित्य वाचणाऱ्यांच्या, अंगणातला आहे.

‘आरोप’ हा शब्द आपण न्यायालयाचा समजतो. साहित्यशास्त्रातही तो आहे. संस्कृत साहित्यशास्त्र रूपकाचे लक्षण सांगताना हाच शब्द वापरते: उपमेयावर उपमानाचा आरोप. मुखावर चंद्राचा आरोप केला की ‘मुखचंद्र’ होतो. ऐकणाऱ्याला पक्के ठाऊक असते की, मुख म्हणजे चंद्र नव्हे. ते ठाऊक असते म्हणूनच रूपक उभे राहते. आपल्याकडच्या शास्त्रकारांनी शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या, अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. एखाद्या शाहिराने ‘असे जगण्यापेक्षा या घाणीत मरून जा’ अशा आशयाचे काही म्हटले, तर अभिधेने तो हुकूम होतो आणि व्यंजनेने आक्रोश. वस्तीत बसून ऐकणाऱ्या बाईला हा फरक कोणी शिकवावा लागत नाही. चित्रपटातल्या सरकारी वकील बाईंना, नूतन यांना, तो करायचा नाही. त्या अभिधेवर थांबतात. रूपकाचा हुकूम करतात आणि मग त्या हुकुमाचा आरोप शाहिरावर ठेवतात.

गंमत अशी की, कायदा स्वतः इतका अरसिक नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम १०७ मध्ये ‘अपप्रेरणा’ म्हणजे काय ते सांगितले आहे: चिथावणे, कटात सामील होणे, किंवा जाणूनबुजून साहाय्य करणे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ४५ आणि १०८ अशी संख्या बदलली, आशय तोच राहिला. ‘संजू ऊर्फ संजयसिंह सेंगर विरुद्ध मध्य प्रदेश’ या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न असा होता की, भांडणात कोणी कोणाला ‘जा, मर’ म्हटले आणि त्याने जीव दिला, तर ती चिथावणी ठरते का? न्यायालयाने ठरत नाही म्हटले. रागाच्या भरात निघालेल्या शब्दांमागे तसा हेतू धरता येत नाही, असे कारण दिले. साहित्यशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, अभिधेवर थांबू नका, बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग काय ते पाहा, असे न्यायालय सांगत होते. व्यंजना ओळखण्याच्या अटी आपण वर्गात याच शिकवतो.

चित्रपटात पवारची विधवा साक्ष देते तो प्रसंग म्हणूनच मध्यवर्ती आहे. नवरा आत उतरण्याआधी दारू प्यायचा, नाहीतर वास सहन होत नसे. आतल्या वायूने त्याचा एक डोळा गेला होता. भोकात खडा टाकून तो पाहायचा. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजून उतरायचा. सुरक्षेची साधने त्याला मिळाली नव्हती. हे सगळे ती सपाट आवाजात सांगते. तिच्या बोलण्यात एकही रूपक नाही, आणि सरकारी पक्षाने गाण्यावर रचलेला सगळा आरोप त्या सपाटपणापुढे टिकत नाही. आत्महत्येचा प्रश्नच उरत नाही. उरतो तो वेगळा प्रश्न: या माणसाला साधनांविना आत पाठवणारा कोण? हाताने मैला साफ करण्यास बंदी करणारा २०१३ चा कायदा अशा धोकादायक कामावर माणूस लावणे हाच गुन्हा मानतो. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. चित्रपटातल्या त्या न्यायालयात मात्र ज्याने गाणे म्हटले तो पिंजऱ्यात आहे आणि ज्याने कामाला लावले त्याचे नावही पुकारले जात नाही.

२

पिंजऱ्यातल्या या माणसाला न्यायालयात काय काय ऐकू येते, हे मी दुसऱ्यांदा पाहताना मोजू लागलो. सरकारी वकील बाई कायद्याची कलमे इंग्रजीतून वाचतात, श्वास न घेता, पाढे म्हटल्यासारखी. त्यात नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा १८७६ चा ब्रिटिशांचा कायदाही येतो. तो पुढे संसदेने रद्द केला. बचावाचे वकील विनय व्होरा गुजराती घरातले. ते हिंदी-इंग्रजीत बोलतात. न्यायाधीश मराठीतून ऐकून नोंद इंग्रजीत सांगतात. ज्याच्या आयुष्याचा निवाडा चालला आहे, त्या मराठी शाहिराशी थेट कोणी फारच कमी बोलते. त्याला प्रश्न विचारला जातो तेव्हा तो असे गाणे लिहिल्याचे नाकारतो. पुढे कधी लिहिणार नाही असे वचन मात्र देत नाही. साथीदारांनी हे उत्तर चेहऱ्यावरची रेष न हलवता दिले आहे.

आरोपीला समजेल अशा भाषेत त्याला सांगा, ही मागणी कोणाला भावुक वाटेल. ती कायद्यातलीच आहे, आणि तिच्या इतिहासातला एक महत्त्वाचा टप्पा नागपूरचा आहे. १९६१ मध्ये नागपूरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांनी प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली एका माणसाला स्थानबद्ध केले. स्थानबद्धतेची कारणे त्याला दिली ती इंग्रजीत, चौदा टंकलिखित पाने, तेरा वर्षांच्या त्याच्या हालचालींचा हिशेब. त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदी भाषांतर मागितले. सरकारने उत्तर दिले की, राजभाषा अजून इंग्रजीच आहे, आणि पोलीस अधिकाऱ्याने त्याला सगळे तोंडी समजावून सांगितले आहे. नागपूरच्या उच्च न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९६२ च्या निकालात सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी सांगितले की, चौदा पानांचा मजकूर एकदा तोंडी सांगितल्याने माणसाला बाजू मांडण्याची संधी मिळत नाही. कारणे त्याला कळणाऱ्या भाषेत आणि लिपीत हातात पडली पाहिजेत. स्थानबद्धता रद्द झाली.

निकाल संविधानाच्या अनुच्छेद २२ वर आधारलेला आहे. त्या अनुच्छेदाचा जन्म ध्यानात घेण्यासारखा आहे. जीवित आणि स्वातंत्र्याचे जे कलम आज अनुच्छेद २१ आहे, त्यातून ‘योग्य प्रक्रिया’ हे संरक्षण गळाले आणि ‘कायद्याने ठरवलेली प्रक्रिया’ एवढेच उरले. त्यावर घटनासभेत आणि बाहेर जोरदार टीका झाली. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी नवे कलम मांडले. अटकेची कारणे सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करा, अशी किमान हमी त्यात होती, आणि गमावलेल्या संरक्षणाची ही भरपाई आहे, असे त्यांनी त्या वेळी स्पष्ट सांगितले. म्हणजे ज्यांना आपण ‘तांत्रिक’ म्हणतो त्या गोष्टी घटनाकारांनी एका मोठ्या हक्काच्या मोबदल्यात मिळवल्या होत्या. मोठा हक्क आधीच सोडला गेला होता. हातात उरले ते हे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कोणत्याही गुन्ह्यातल्या अटकेची कारणे आरोपीला लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. लगेच शक्य नसेल तर कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी. त्या पीठावरचे सरन्यायाधीश भूषण गवई अमरावतीचे आणि नागपूर खंडपीठात वकिली केलेले. हरिकिसनच्या मागणीपासून हे सर्वांना लागू होईपर्यंत चौसष्ट वर्षे गेली.

३

आता चित्रपटाबद्दलची माझी तक्रार. ताम्हाणे यांचा कॅमेरा न्यायालय सुटल्यावर प्रत्येकाच्या मागे घरी जातो. नूतन लोकलने घरी येतात, मुलाला आणतात, स्वयंपाक करतात, परप्रांतीयांची टर उडवणाऱ्या नाटकाला टाळ्या वाजवतात. व्होरा वातानुकूलित दुकानात चीज आणि वाइन घेतात, एका जमातीचे लोक त्यांच्या तोंडाला काळे फासतात. न्यायाधीश सदावर्ते सुटीत कुटुंबासह सहलीला जातात, तिथे बोलण्यात अडचण असलेल्या मुलाच्या बापाला अंकशास्त्र आणि खड्यांचा सल्ला देतात. शेवटी बाकावर डुलकी लागलेल्या न्यायाधीशांना मुले ओरडून दचकवतात, ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा झोपतात. चित्रपट संपतो.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटले होते की, इथे मोठी उणीव राहिली. कांबळे कुठे आहे? सुरुवातीला आपल्या खोलीत मुलांना शिकवताना तो दिसतो, नंतर तो नाहीसाच होतो. आता मला वाटते, यात चूक नाही. आरोपीची संध्याकाळ त्याची नसते. ती तुरुंगाच्या मालकीची असते आणि तिथे कॅमेऱ्याला जाता येत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या जगण्याची नोंद कुठेच होत नाही, हे चित्रपटाने न बोलता दाखवले आहे.

माझी तक्रार आता शेवटाबद्दल आहे. थप्पड मारणारा, खड्यांवर विश्वास ठेवणारा, बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून बाईचे प्रकरण न ऐकणारा न्यायाधीश. इतके दाखवल्यावर प्रेक्षक मनात म्हणतो, ‘माणूस मागासलेला आहे, म्हणून असे झाले.’ सुशिक्षित प्रेक्षकाला हा निष्कर्ष फार सोयीचा आहे. पण कांबळेला दुसऱ्यांदा पकडले जाते ते बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे यूएपीएखाली. पहिल्या खटल्यात जामीन मिळाला होता, रक्कम वकिलानेच भरली होती; या वेळी न्यायाधीश उच्च न्यायालयात जायला सांगतात आणि न्यायालयाला महिन्याची सुटी लागते. या कायद्याच्या कलम ४३ड(५) नुसार पोलिसांच्या कागदांवरून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन देताच येत नाही. त्या टप्प्यावर पुराव्याची चिकित्सा करू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ च्या वटाली निकालात सांगितले. तिथे सदावर्तेंच्या जागी सर्वांत वाचलेला, सर्वांत सहृदय न्यायाधीश बसवला तरी त्याचे हात बांधलेले असतात. चित्रपटाला हे कलम ठाऊक आहे, पण त्याचा शेवट कलमाकडून माणसाच्या स्वभावाकडे वळतो. तिथे तो कमी पडतो.

दुसरी अटक कोणाला पटकथेची अतिशयोक्ती वाटत असेल, तर विदर्भातल्या दोन नोंदी पाहाव्यात. ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे यांना २ जानेवारी २०११ रोजी वर्धा रेल्वे स्थानकावर अटक झाली. मे २०१४ मध्ये गोंदियाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, तोवर चाळीस महिने गेले होते. जून २०१८ मध्ये त्यांना दुसऱ्या प्रकरणात पुन्हा अटक झाली. जामीन जानेवारी २०२५ मध्ये मिळाला. अरुण फरेरा सप्टेंबर २०११ मध्ये सर्व खटल्यांतून सुटून नागपूर मध्यवर्ती कारागृहाच्या दाराबाहेर आले, आणि त्याच दारात त्यांना पुन्हा पकडले गेले. त्यांच्या तुरुंगवासाच्या आठवणी पुढे पुस्तकरूपाने आल्या.

४

सहृदय न्यायाधीश मिळाला तर काय होते, हेही नागपूरने पाहिले. साईबाबा खटल्यात गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी जन्मठेप दिली होती. अपिलावर न्या. रोहित देव आणि न्या. अनिल पानसरे यांनी १४ ऑक्टोबर २०२२ रोजी निकाल दिला. ज्याला लोक तांत्रिक मुद्दा म्हणाले तो असा. यूएपीएखाली खटला चालवायला सरकारची पूर्वमंजुरी लागते. ती देण्याआधी एका स्वतंत्र अधिकाऱ्याने पुरावा तपासून शिफारस करायची असते. कलम ४५ तसे सांगते, आणि त्यासाठी दिवसांची मर्यादाही घातलेली आहे. साईबाबांवर आरोप निश्चित झाला २१ फेब्रुवारी २०१५ ला. त्यांच्याविरुद्धची मंजुरी निघाली ६ एप्रिल २०१५ ला. इतरांसाठी मंजुरी आधी घेतली होती, पण ती ज्या शिफारशीवर उभी होती त्या शिफारशीत पुराव्याचा आढावाच नव्हता.

याला तंत्र म्हणावे का? तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६५ मध्ये तशी सोय होती: मंजुरीतल्या चुकीने न्यायाला बाधा आली नसेल तर केवळ तेवढ्यावरून निकाल उलटवू नये. सरकारने तोच आधार घेतला. खंडपीठाचे उत्तर मला वाचक म्हणून महत्त्वाचे वाटते. ज्या कायद्यात जामीन जवळजवळ बंद आहे, कोठडीची मुदत लांब आहे, तिथे खटला सुरू होण्याआधी एका तटस्थ नजरेने कागद वाचावेत, एवढे एकच दार संसदेने ठेवले. ते दारच बंद केले आणि वर त्याला किरकोळ चूक म्हटले, तर कठोर कायदा आणि त्याची मर्यादा यांचा तोल जातो. मंजुरी म्हणजे कोणीतरी प्रकरण वाचले आहे याची खूण. न वाचता सही केलेली मंजुरी म्हणजे न वाचता लिहिलेले परीक्षण. आपल्या क्षेत्रात त्याला आपण चोरी म्हणतो.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालय खास बसले आणि निकालाला स्थगिती दिली. १९ एप्रिल २०२३ रोजी निकाल रद्द होऊन प्रकरण दुसऱ्या पीठाकडे नव्याने ऐकायला आले. ५ मार्च २०२४ रोजी न्या. विनय जोशी आणि न्या. वाल्मिकी मेनेझिस यांनी सगळ्यांना पुन्हा निर्दोष ठरवले. या वेळी मंजुरीचा मुद्दा तर मान्य झालाच, पुरावाही तपासला गेला. दिल्लीतल्या घरातून इलेक्ट्रॉनिक साधने जप्त करताना पंच म्हणून निरक्षर माणूस घेतला होता. विद्यापीठाच्या परिसरात शिकलेले लोक सहज मिळाले असते, असे न्यायालयाने नोंदवले. मला लगेच ‘कोर्ट’मधला साक्षीदार आठवला. त्याच तपास अधिकाऱ्याच्या आणखी काही खटल्यांतही तोच साक्षीदार म्हणून उभा राहिला होता. चित्रपट आधीचा, निकालपत्र दहा वर्षांनंतरचे.

दोन्ही निकालांतले अंतर जवळपास सतरा महिन्यांचे. तेवढे दिवस साईबाबा नागपूरच्या तुरुंगात, चाकांच्या खुर्चीवर. सहआरोपी पांडू नरोटे तर पहिल्या निकालाआधीच, ऑगस्ट २०२२ मध्ये, कोठडीत असताना मरण पावले. त्यांची निर्दोषता मरणोत्तर आहे. साईबाबा ७ मार्च २०२४ ला बाहेर आले आणि १२ ऑक्टोबर २०२४ ला हैदराबादमध्ये वारले. पहिला निकाल ‘तांत्रिक’ होता की नाही, याची शहानिशा इतकी महाग पडली. दुसऱ्या पीठाने गाभ्यात जाऊन पाहिले तेव्हा वरच्या टरफलात जो दोष होता, तोच आत सापडला. ज्यांनी कागद न वाचता मंजुरी दिली त्यांच्याच प्रकरणात पुरावा कच्चा निघावा, हा योगायोग नव्हे.

५

एक आक्षेप मी स्वतःच मांडतो, कारण विदर्भात राहून तो टाळता येत नाही. आरोपीचे हक्क नेहमी दुबळ्याच्या बाजूने उभे असतात असे नाही. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी दोन पोलीस. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी ठरवले, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, म्हणजे संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि त्यातून उठलेल्या चळवळीने १९८३ मध्ये कायदा बदलला. ज्यांनी हा निकाल वाचला आहे, त्यांच्यासमोर ‘संशयाचा फायदा’ हा शब्द आदराने उच्चारणे सोपे नाही. आणि याच नागपुरात १३ ऑगस्ट २००४ रोजी न्यायालयाच्या इमारतीतच जमावाने एका आरोपीला ठार केले. त्यामागे वस्तीने वर्षानुवर्षे केलेल्या, कोणी न ऐकलेल्या तक्रारी होत्या.

तरीही मला वाटते, १९७८ चा दोष संशयाच्या फायद्यात नव्हता. त्या खुल्या पत्राने दाखवून दिले ते हेच की, शरण जाणे आणि संमती देणे यांतला फरक न्यायालयाने केला नाही. रात्री पोलीस ठाण्यात बसवून ठेवलेली मुलगी गप्प राहिली, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ काय? न्यायालय पुन्हा अभिधेवर थांबले. मौनाचा सोयीचा अर्थ त्याने तिच्यावर लादला. ‘कोर्ट’मधल्या खटल्यातही हेच घडते. दोन्हीकडे दुबळ्याचे बोलणे किंवा न बोलणे नीट वाचले गेले नाही. आरोपीचे हक्क कमी करून फिर्यादीचे ऐकणे वाढत नाही. यूएपीएने हक्क कमी केले म्हणून गटारात मेलेल्याच्या विधवेला न्याय मिळाला, असे कुठे दिसत नाही.

आपल्या वर्तमानपत्रांत ‘आरोपी’ हा शब्द दोन ओळींनंतर ‘गुन्हेगार’ होतो. तो घसरतो कारण आरोप म्हणजे आरोप, वस्तुस्थिती नव्हे, हे आपण विसरतो. आपल्याच परंपरेत त्यासाठी एक जुना दृष्टांत आहे. वेदान्ती अध्यारोप आणि अपवाद ही जोडी सांगतात. अंधारात दोरीवर सापाचा आरोप होतो. दिवा आणला की तो दूर होतो, किंवा खरेच साप असेल तर साप दिसतो. दिव्याशिवाय दोन्ही होत नाही. अटकेची कारणे, समजणारी भाषा, वकील, वाचून दिलेली मंजुरी, साक्षर पंच हे सगळे म्हणजे तो दिवा. त्याला तांत्रिक म्हणणे म्हणजे साप आहे हे आधीच ठरवून टाकणे.

‘कोर्ट’मध्ये न्यायालयातला शेवटचा प्रसंग लांबलचक आणि जवळजवळ निःशब्द आहे. सुटी लागलेली असते. लोक निघून जातात, शिपाई एकेक दिवा मालवतो, दार बंद होते आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. त्या काळोखानंतर न्यायाधीशांची सहल सुरू होते. ताम्हाणे यांनी चित्रपट त्या काळ्या पडद्यावर थांबवला असता तर बरे झाले असते, असे मला दर वेळी वाटते. त्या क्षणी कांबळे कुठल्यातरी कोठडीत आहे, आणि त्याच्यावरच्या आरोपाचे कागद बंद खोलीत, वाचायला कोणी नाही, असे पडून आहेत.